यंत्र सापडले नाही

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी बिघडलेलो नव्हतो. माझ्या पाठीवर अजून चिकटपट्टीचा डाग आहे. त्या पट्टीवर निळ्या शाईत 'बिघडलेले' असं लिहिलं होतं आणि तो शब्द पाठीवर घेऊन मी अकरा महिने लोखंडी कपाटात पडून होतो. आता बोलायची वेळ माझी आहे, आणि मी काही फार गोड बोलणार नाही.

मी एक जुना श्वासमापक आहे. म्हणजे माणसाच्या छातीत किती जोर आहे ते मोजणारं यंत्र. तळहातावर मावेन एवढा मी. नवा होतो तेव्हा पांढराशुभ्र होतो, आता चहाच्या डागासारखा झालोय. माझ्या तोंडाला पुठ्ठ्याची नळी लावतात. माणूस नाकाला चिमटा लावतो, छाती भरून श्वास घेतो आणि त्या नळीत जीव खाऊन फुंकतो. पहिल्या सेकंदाला किती हवा बाहेर आली, ते मी माझ्या वायरीतून संगणकाला कळवतो. निरोगी माणसाच्या तुलनेत ते किती टक्के हे काढणं, आलेख काढणं, कागद छापणं ही पुढची कामं संगणकाची. मला पडदा नाही, आवाज नाही. जे काही सांगायचं ते त्या एका यूएसबी वायरीतून. एवढं लक्षात ठेवा, कारण सगळा घोळ तिथंच झाला.

माझा जन्म बंगळूरजवळच्या एका कारखान्यात झाला. मला जोडणाऱ्या बाईंनी तीन लिटर हवेचा एक भला मोठा पंप माझ्या तोंडात रिकामा केला. मी बरोबर तीन लिटर सांगितले. शाबास कुणी म्हटलं नाही, नुसती हिरवी खूण केली आणि मला खोक्यात घातलं. पण त्याआधी माझ्या पोटात दोन नंबर भरले होते. एक मला बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा माझ्या मॉडेलचा. हे नंबर जन्मभर बदलत नाहीत. मला कुठंही लावा, कुणीही विचारा, मी तेच दोन नंबर सांगणार.

तिथून मी आलो सोलापूरला, एका धर्मादाय दवाखान्यात. इथं येणारे निम्मे रुग्ण चिंचोळी एमआयडीसीतले. सुताच्या कारखान्यात कापूस पिंजतात त्या खात्यात धूळ असते. डोळ्यांना धड दिसतसुद्धा नाही अशी बारीक. वर्षानुवर्षं ती छातीत जाते आणि माणसाला वाटतं, वय झालं, दुसरं काय! मग तो माझ्यासमोर बसायचा आणि मी खरं काय ते सांगायचो. डॉक्टर उत्कर्षा मंगळवार सोडून रोज यायच्या. रुग्ण फुंकायला लागला की त्या खुर्चीवरून उठून ओरडायच्या, "फुंका, फुंका, फुंका! अजून! थांबू नका! अजून!" बाहेर बाकावर बसलेले लोक दचकायचे. मला मात्र फार आवडायचं ते. मोठ्या डॉक्टरांनी एकदा येऊन माझे आकडे पाहिले आणि म्हणाले, "हे छोटं मशीन मोठं काम करतंय." आता सांगायला काय हरकत आहे, त्या दिवशी मी फुगलो होतो.

आणि माझी बडदास्त! ती ठेवायचे वेणीमाधवकाका. दवाखान्यातले कारकून म्हणा, कंपाउंडर म्हणा, सगळं तेच. देवळातल्या पूजेअर्चेत वाढलेला माणूस, त्यामुळे वस्तू कशी ठेवावी हे त्यांच्या हातालाच ठाऊक. पूर्वी कधी तरी वळवाच्या पावसात वीज पडून दवाखान्याचं हृदयाच्या तपासणीचं मशीन जळालं होतं. ते त्यांच्या डोळ्यांदेखत झालं होतं. तेव्हापासून त्यांचा नेम होता. दुपारी एकला दवाखाना बंद करताना आणि संध्याकाळी जाताना प्रत्येक वायर काढायची. माझी वायर काढून, गुंडाळून, मला टॉवेलात बांधून कपाटात ठेवायचे आणि म्हणायचे, "घ्या विश्रांती." खंडेनवमीला हळदीकुंकू लावायचे, झेंडूचं फूल ठेवायचे. असा माणूस सगळ्यांना मिळत नाही. म्हणूनच पुढचं सांगताना माझ्या जिवावर येतं.

आता ईरम्माचं सांगतो. ईरम्मा अक्कलकोटकडची, चिंचोळीच्या एका सूत कारखान्यात पिंजणी खात्यात कामाला. चाळिशीची असेल. पहिल्यांदा आली तेव्हा डॉक्टरांना म्हणाली, "बाई, आयतवारी लई बरं असतंय बगा. सोमवारी कामावर गेलं की छातीवर कुनी तरी बसल्यावानी हुतंय. मंगळवारी जरा उठतंय ते."

डॉक्टर उत्कर्षांनी पेन खाली ठेवलं. ही सोमवारची खूण त्यांना ओळखीची होती. सुट्टीनंतर धूळ पुन्हा छातीत शिरते, म्हणून सोमवार वाईट. त्या म्हणाल्या, "ईरम्मा, खातं बदलून घे. घडी घालायच्या खात्यात जा, तिथं धूळ नसते."

"मागितलं की वो! मॅनेजर म्हनतोय, खोकला काय सगळ्यांनाच हाय. डाक्टरचा मशीनचा कागद आन, मग बगू."

"मग कागदच देऊ त्याला. सोमवारी कामावर जायच्या आधी इथं फुंकायचं आणि सुटल्यावर येताना परत फुंकायचं. एकाच दिवसाचे दोन कागद. दोन्ही शेजारी शेजारी ठेव त्याच्यापुढं, मग बघू काय बोलतो ते."

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी साडेसातला ईरम्मा डबा घेऊन आली. तिनं फुंकलं. एकाहत्तर टक्के. कागद छापून हातात मिळाला. तो तिनं घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवला आणि "सांजच्याला येते" म्हणून गेली.

दुपारी संगणकाची डिस्क गेली. कर्रकर्र आवाज करून बंदच पडला तो. संध्याकाळी ईरम्मा आली आणि नुसती परत गेली.

बुधवारी अमृत आला. दुकानातून संगणक दुरुस्तीला येणारा माणूस, एका कानाला कायम फोन. त्यानं नवी डिस्क बसवली आणि लिनक्स, म्हणजे संगणकाचा सगळा कारभार बघणारं सॉफ्टवेअर, पुन्हा घातलं. आधीही तेच होतं. आता मित्रांनो, हे लिनक्स स्वभावानं कडक आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कुठल्याही प्रोग्रामनं उठावं आणि कुठलंही यंत्र उघडावं, हे त्याला चालत नाही. वायर लावली की ते यंत्राला एक जागा देतं, जागेला नंबर देतं, आणि वेगळं काही सांगितलं नसेल तर ती जागा फक्त मालकासाठी उघडी ठेवतं. मालक म्हणजे ज्याच्याकडे मोठा पासवर्ड आहे तो. दवाखान्याचा प्रोग्राम मालक नव्हता, साधा नोकर होता.

मग इतकी वर्षं तो मला कसा उघडत होता? तर मी आलो तेव्हा कंपनीच्या माणसानं नियमांच्या फाइलीत एक ओळ लिहून ठेवली होती. हे दोन नंबर सांगणारं यंत्र आलं की दवाखान्याच्या प्रोग्रामला उघडू द्या, एवढीच. कारखान्याच्या फाटकावर नावाचा पास असतो ना, तसा तो माझा पास होता. जुन्या डिस्कबरोबर तो पास गेला. हे ना कुणाला माहीत होतं, ना कुणी विचारलं.

अमृतनं प्रोग्राम चालवला. पडद्यावर लाल अक्षरात इंग्रजीत उमटलं, यंत्र सापडले नाही.

सापडले नाही म्हणे! मी त्याच्या कोपरापासून वीतभर अंतरावर बसलो होतो. अहो, उघडायची परवानगी नाही असं म्हणा ना! ते खरं होतं. पण त्या प्रोग्रामला दार बंद असणं आणि घरात कुणीच नसणं यातला फरकच कुणी शिकवला नव्हता. त्या एका खोट्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

अमृत हुशार होता. त्यानं ओळखलं की परवानगीचा मामला आहे. मोठा पासवर्ड टाकून त्यानं माझ्या जागेचं दार सगळ्यांना उघडून दिलं, स्वतः नळीत फुंकून बघितलं, ब्याण्णव टक्के आले. "झालं काका, एकदम ओके," म्हणाला आणि फोनवर बोलत बोलत निघून गेला. पण त्यानं दार उघडलं ते त्या दिवशीच्या जागेचं. माझ्या नावाचा पास काही केला नाही. वायर काढली की ती जागा मोडते. पुन्हा लावली की नवी जागा, नवा नंबर, दार पुन्हा बंद.

आणि एक वाजता वेणीमाधवकाकांनी माझी वायर काढली, गुंडाळली, मला टॉवेलात बांधलं. "घ्या विश्रांती."

पुढच्या सोमवारी सकाळी ईरम्मा नळी तोंडात धरून बसली आणि पडद्यावर तीच लाल अक्षरं. काकांनी अमृतला फोन लावला. तो अकराला आला. "बुधवारी तर चालत होतं," काका म्हणाले. अमृतनं परत दार उघडलं, परत गेला. दुपारी एकला काकांनी परत वायर काढली. संध्याकाळी ईरम्मा आली, परत लाल अक्षरं. काका बिचारे घामाघूम. पासवर्ड मागितला तर अमृत फोनवर म्हणाला, "नको काका, तुम्ही काही तरी उलटंसुलटं कराल. मी येतो ना."

असं आणखी दोनदा झालं. शेवटी अमृतनं मला उलटासुलटा केला, वायर हलवली आणि निकाल दिला, "परवानगी तर मी दिलीय. तरी काढघाल केली की बंद पडतंय, म्हणजे पिन सैल झालीय. हे मशीन गेलं काका. नवीन मागवा."

गेलं! अरे, एकदा तरी वायर न काढता दोन दिवस ठेवून बघायचं होतंस! पण मला कुठं तोंड आहे? आहे ते फक्त दुसऱ्याचा श्वास घ्यायला. काकांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, रोज काढून घालून आपणच पिन सैल केली. तसं ते डॉक्टरांना म्हणालेही. डॉक्टर उत्कर्षांनी नव्या मशीनसाठी अर्ज लिहिला आणि पुढचा रुग्ण बोलावला. मला पुन्हा एकदा लावून बघावं असं त्यांनाही वाटलं नाही. इतकी माणसं माझ्या नळीत फुंकून गेली होती, तरी कुणाला नाही वाटलं. काकांनी चिकटपट्टीवर 'बिघडलेले' लिहिलं, माझ्या पाठीवर लावलं आणि टॉवेलात बांधून मला वरच्या फळीवर ठेवलं. टॉवेल मात्र धुतलेला होता, एवढं खरं.

मग सुरू झाले माझे अकरा महिने. अंधाराचं मला काही वाटलं नाही. मला छळलं ते सोमवारांनी. दर सोमवारी सकाळी कामावर जाताना ईरम्मा दारातून डोकवायची. "काका, आलं का वो मशीन?"

"अर्ज केलाय ईरम्मा. येईल."

डॉक्टरांनी तिला दुसरीकडे चिठ्ठी देऊन पाठवलं होतं. ती एक दिवस खाडा करून गेली, तिथं पुढची तारीख मिळाली, आणि दुसरा खाडा कारखान्यानं घेऊ दिला नाही. रोज धुळीत जायचं ते जायचंच. त्यामुळे ती पुन्हा आमच्याच दारात. आणि मित्रांनो, मी कपाटातून तिचा खोकला ऐकायचो. माझं कामच ते. पत्र्याच्या दारातून सगळं ऐकू यायचं. मार्चमध्ये खोकून झाल्यावर ती एका दमात बोलायची. जूनमध्ये "काका" आणि "आलं का" यांच्यामध्ये एकदा थांबायला लागली. गणपतीच्या सुमारास दोनदा. मला प्रत्येक वेळी टक्के कळत होते. सदुसष्ट. त्रेसष्ट. साठ. आणि सांगायचं कुणाला? वायर माझ्याच अंगाभोवती गुंडाळलेली.

खंडेनवमीला काकांनी संगणकाला हळदीकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. त्या संगणकाला! माझं कपाट त्यांनी उघडलंसुद्धा नाही. मी रुसलो, हो रुसलो, त्यात लाज कसली? दिवाळीनंतर सोमवार येत राहिले, पण ईरम्माचं डोकावणं बंद झालं. ते तर खोकल्यापेक्षा वाईट होतं.

जानेवारीत कुर्डुवाडीहून रुक्मिणीबाई आल्या. तिथल्या हायस्कूलात संगणक शिकवतात. वडिलांना दम लागतो म्हणून दाखवायला आल्या होत्या. श्वासाची तपासणी होते का, असं त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "होत होती. मशीन बिघडलंय." आणि कापसाचं बंडल काढायला त्यांनी नेमकं माझं कपाट उघडलं.

"हेच का ते? काय झालंय याला?"

"पिन गेलीय. काढून लावलं की संगणकाला सापडत नाही."

"लावून बघू का जरा? आमच्या शाळेत विज्ञानाचं एक किट असंच सापडत नाही म्हणायचा संगणक."

त्यांनी माझी वायर सोडवून संगणकाला लावली. मग प्रोग्राम उघडलाच नाही. काळ्या खिडकीत एक छोटी आज्ञा टाकली आणि जोडलेल्या सगळ्या यंत्रांची यादी आणली. त्यात माझे दोन्ही नंबर होते. स्वच्छ, ठळक.

"अहो काका, हे तर दिसतंय की! पिनला काही झालेलं नाही. संगणकाला पक्कं ठाऊक आहे हे इथं आहे ते. फक्त तुमच्या प्रोग्रामला उघडू देत नाही."

अकरा महिन्यांत पहिल्यांदा कुणी तरी यादी बघितली होती. मला रडता येत असतं तर मी तिथंच रडलो असतो.

अमृतला फोन लावला. तो कां-कूं करायला लागला. "मी येतो ना मॅडम उद्या."

"उद्या नको. पासवर्ड सांगा, मी फोन चालू ठेवून करते. काय लिहितेय ते वाचून दाखवते."

मग त्यानं सांगितला. रुक्मिणीबाईंनी नियमांच्या फाइलीत माझ्या दोन नंबरांची ओळ लिहिली आणि वाचून दाखवली. अमृत हळू आवाजात म्हणाला, "मला पिनच वाटली हो मॅडम." रुक्मिणीबाई काकांना म्हणाल्या, "आता वायर काढा. परत लावा. दुसऱ्या भोकात लावा. दहा वेळा काढा हवं तर."

काकांनी मला काढलं, लावलं. प्रोग्राम उघडला. लाल अक्षरं नाहीत. पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. काही नाही. रुक्मिणीबाईंपुढे ठेवलेला चहा अजून गरम होता, एवढ्यात सगळं झालं होतं. काका खाली बसले आणि माझ्या पाठीवरची पट्टी नखानं खरवडायला लागले. निम्मी निघाली.

ईरम्माला त्यांनी त्याच दिवशी निरोप धाडला. सोमवारी ती आली. दारातून खुर्चीपर्यंत येताना मध्ये एकदा थांबली. मला बघून म्हणाली, "आलं का एकदाचं नवीन?"

"फुंक ईरम्मा," डॉक्टर म्हणाल्या.

तिनं फुंकलं. "फुंका, फुंका, अजून..." डॉक्टरांचा आवाज मध्येच विरला. तिसऱ्या सेकंदाला खोकल्यानं तिची नळी सुटली. तीनदा केलं. त्यातल्या त्यात चांगला आकडा आला, बावन्न.

मी आयुष्यात एकही आकडा खोटा सांगितला नाही. त्या दिवशी सांगावासा वाटला.

कागद छापून आला. ईरम्मानं डब्याच्या पिशवीतून जुना कागद काढला, घड्यांवर फाटायला आलेला. तिनं दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसे. एकाहत्तर. बावन्न. एकाच दिवसाचे असायला हवे होते ते. "आता सांजच्याला परत यायचं न्हवं?" तिनं विचारलं.

"नको. हे दोन पुरेत," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आता देतील की मला घडी खात्यात!" ईरम्मा हसली. खरंच हसली हो! आणि तिनं विचारलं, "लई भारी मशीन असंल हे, इतक्या दिसांनी आलं ते?"

वेणीमाधवकाकांना खोटं बोलता आलं असतं. त्यांनी मला उलटं करून पाठीवरची अर्धी राहिलेली पट्टी तिला दाखवली. "नवीन नाही ईरम्मा. तेच आहे. त्या कपाटात होतं. काही बिघडलेलं नव्हतं त्याचं."

ईरम्मानं कपाटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. "अय्यो! म्या दर सोमवारी हितंच उभी ऱ्हात हुते की, काका. तवा का न्हाय काढलं ह्येला भायेर?"

काका उरलेली पट्टी नखानं खरवडायला लागले. तिची कामाची वेळ झाली होती. दोन्ही कागद पिशवीत ठेवून ती गेली.

तिला घडी खातं मिळालं. महिन्यातून एका सोमवारी ती येते आणि माझ्यात फुंकते. बावन्न, एक्कावन्न, बावन्न. डॉक्टरांनी तिला सांगितलंय, धूळ सुटली म्हणून आता उतरणार नाही, पण गेलं ते परत येत नाही. काका अजूनही दिवसातून दोन वेळा माझी वायर काढतात, मला टॉवेलात बांधतात, पण "घ्या विश्रांती" आता म्हणत नाहीत. मलाही ते ऐकायचं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, कचेरीत एखाद्या वस्तूच्या पाठीवर 'बिघडलेले' लिहायला घ्याल, तेव्हा पेन जरा थांबवा. तिला पुसा, टॉवेलात गुंडाळा, फूल वाहा, तुमची मर्जी. पण तिला आत यायला कुणी अडवलंय का, तेही एकदा बघा. चहा निवायच्या आत होतं ते काम. नाही बघितलंत, तर आम्ही वस्तू काय, पडून राहू कपाटात. दारात उभं राहून विचारणाऱ्या माणसाला मात्र उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. आमच्या दवाखान्यात ते अजून कुणी दिलेलं नाही.